दिवेलागणीची बातमी

३० जानेवारी १९४८ या दिवसाविषयी मराठी घरांत जे सांगितले जात आले आहे, त्याचा फार थोडा भाग दिल्लीविषयीचा असतो. बिर्ला भवनाच्या हिरवळीवर सायंकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी काय घडले, सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबल्यामुळे गांधीजी प्रार्थनेला उशिरा कसे निघाले, मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते कसे चालत होते, हे सारे पुस्तकांतून कळलेले असते आणि पुस्तकातल्यासारखेच सांगितले जाते. सांगणाऱ्याचा आवाज बदलतो तो त्यानंतर. ‘आम्ही तेव्हा’ असे म्हणत माणूस स्वतःच्या ओसरीवर, शाळेच्या मैदानावर किंवा गिरणीच्या फाटकाशी येतो आणि कंदिलाची काच कोण पुसत होते, चुलीवर काय चढवले होते, इथपर्यंतचा तपशील देऊ लागतो. प्रस्तुत अंकातील स्मरणविभाग अशा कथनांचा आहे. ज्यांना तो दिवस स्वतः आठवतो ते आज ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे या विभागातील पुष्कळसे लेखन आजीने, वडिलांनी, थोरल्या काकांनी सांगितलेले आहे. म्हणून ही कथने कोणत्या नजरेने वाचावीत, याविषयी चार शब्द आधीच नोंदवणे योग्य ठरेल.

अशा आठवणीला मानसशास्त्रात ‘फ्लॅशबल्ब स्मृती’ म्हणतात. जुन्या कॅमेऱ्याचा दिवा एकदाच लखकन पेटावा आणि समोरचे सारे, महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचेही, एकदम उमटावे, अशी ही कल्पना असून रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या अमेरिकी अभ्यासकांनी १९७७ साली ती मांडली. केनेडींच्या हत्येची बातमी ऐकली तेव्हा लोक कुठे होते, काय करत होते, बातमी कोणी दिली, हे त्यांनी विचारले होते. त्यांच्या पाहणीतील ४० गोरे आणि ४० कृष्णवर्णीय यांना केनेडींचा दिवस जवळपास सारखाच आठवत होता; मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचा दिवस मात्र कृष्णवर्णीयांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना आणि गोऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणांना स्पष्ट सांगता आला. दिवा कोणाच्या मनात पेटतो हे घटनेच्या आकारावर नव्हे, तर ती कोणाच्या अंगावर आली यावर ठरते, हे त्यातून दिसले. ‘राष्ट्रीय’ म्हटलेली आपत्तीही राष्ट्रातल्या सर्वांना सारख्या मापाने मिळत नाही.

या कल्पनेला पुढे तडा गेला तो स्मृती किती ठळक आहे याविषयी नव्हे, तर किती खरी आहे याविषयी. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. दुसऱ्याच सकाळी उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी आपल्या विद्यापीठातील शंभराहून अधिक विद्यार्थ्यांकडून, बातमी कशी कळली, हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनंतर त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. सुमारे एक चतुर्थांश जणांची उत्तरे प्रत्येक मुख्य बाबतीत चुकली आणि पूर्णपणे जुळली ती अवघ्या तिघांची. तरीही आत्मविश्वासात बहुतेक जण मागे नव्हते. पहिल्या सकाळी सुमारे पाचव्या हिश्शाच्या विद्यार्थ्यांनी ‘टीव्हीवर कळले’ असे लिहिले होते, अडीच वर्षांनी जवळजवळ निम्मे तसे म्हणू लागले. कोणा मैत्रिणीने जिन्यात सांगितलेली बातमी पडद्यावर जाऊन बसली. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद दाखवूनही मूळची आठवण परतली नाही.

हा निष्कर्ष मराठी कथनांना लावून पाहिला की पहिली शंका रेडिओविषयी येते. गांधीजींच्या मृत्यूची बातमी ऑल इंडिया रेडिओने सायंकाळी ६ वाजता दिली आणि मारेकरी हिंदू असल्याचे त्याच निवेदनात मुद्दाम सांगितले. पंडित नेहरू रात्री बोलले, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेचे मेलव्हिल डी मेलो यांनी सुमारे सात तास केलेले धावते वर्णन प्रसारित झाले. हे सारे ‘आम्ही रेडिओवर ऐकले’ असे सांगणारी माणसे गावोगाव आहेत. परंतु स्वातंत्र्याच्या वेळी देशात ऑल इंडिया रेडिओची केंद्रे होती सहा, प्रक्षेपक होते १८, आणि त्यांच्या टप्प्यात येत होती सुमारे ११ टक्के लोकसंख्या. महाराष्ट्रात केंद्र होते ते एकट्या मुंबईत. पुण्याला ते १९५३ साली आले. रेडिओ संच ही सावकाराच्या, डॉक्टरांच्या किंवा एखाद्या हॉटेलवाल्याच्या मालकीची वस्तू होती आणि ती बाळगण्यासाठी परवाना लागत असे. तेव्हा बहुतेकांपर्यंत बातमी पोहोचली ती कोणाच्या तरी तोंडून: तारमास्तर, सायकलवरून आलेला शिक्षक, दुकानाची फळी लावताना थबकलेला वाणी. महाराष्ट्रात ती वेळ दिवेलागणीची होती, म्हणजे माणसे सहज उंबरठ्यापाशी असण्याची होती. नेहरूंचा आवाज बहुधा नंतर आला, अभ्यासक्रमातून, ध्वनिमुद्रणांतून, माहितीपटांतून. आणि बातमी सांगणाऱ्या त्या खऱ्या माणसाला बाजूला सारून त्याच्या जागी बसला.

याला खोटेपणा म्हणणे मात्र घाईचे होईल. नायसर यांनाच लहानपणीची अशी एक आठवण होती, की पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी आली तेव्हा ते रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होते. पुढे त्यांच्याच ध्यानात आले की डिसेंबरात बेसबॉल खेळलाच जात नाही. इतर अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये फुटबॉलचा एक सामना झाला होता आणि त्यातील दोन्ही संघांची नावे बेसबॉलच्या प्रसिद्ध संघांसारखीच होती, असे आढळले. म्हणजे सामना खरा होता, ऐकणेही बहुधा खरे होते, बदलला होता तो खेळ. मराठीत याला जोड शोधायची तर ती ‘एसटी’त सापडेल. ‘संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरने गांधीजी गेल्याचे सांगितले’ असे वाक्य एखाद्या आजोबांच्या तोंडून ऐकू आले तर ते अगदी सहज पटेल. पण राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे त्या सायंकाळनंतर चार महिन्यांनी. तोपर्यंत रस्त्यावर धावत होत्या त्या खासगी मोटारी, ज्यांना लोक ‘सर्व्हिस गाडी’ म्हणत. गाडी आली असेल, कंडक्टर उतरलाही असेल. फक्त पुढच्या साठ-सत्तर वर्षांच्या वापरातला शब्द त्या जुन्या गाडीवर रंगवला गेला.

इथवरचे विवेचन जगातील कोणत्याही अशा दिवसाला लागू पडेल. महाराष्ट्राला त्यापुढे जावे लागते, कारण येथे त्या दिवसाची बातमी एक नव्हती, दोन होत्या. पहिली मृत्यूची आणि दुसरी मारेकऱ्याच्या आडनावाची. मराठी कानाला आडनाव कळले की जात वेगळी विचारावी लागत नाही. मारेकरी पुण्यातील एका वृत्तपत्राचा संपादक होता, ही गोष्टही येथे नोंदवावीच लागेल, आणि संपादकीयात तर अधिकच. त्या दुसऱ्या बातमीनंतरच्या दिवसांत मुंबई, पुणे, नागपूर आणि विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे, दुकाने, छापखाने जाळले गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीत सापडला, मुंबईत नारायणराव सावरकरांवर जमावाने दगडफेक केली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्याच दिवसांवर आहे. ज्या घरांनी हे भोगले त्यांच्या बोलण्यात त्या वर्षाचे नाव ‘जळीत’ असे आहे, आणि ‘जळिताच्या आधी’, ‘जळितानंतर’ अशी कालगणना तेथे चालते. अशा घरांत ‘बातमी कळली तेव्हा कुठे होतात’ हा प्रश्न जवळपास निरर्थक ठरतो. कारण तेथे आठवणीत राहते ती बातमी कळण्याची घडी नसून परड्याचे दार, धान्याच्या कणगीतून तीन दिवस निघणारा धूर, आणि आपल्याला लपवणाऱ्या शेजाऱ्याचे नाव.

म्हणून हा प्रश्न निरुपद्रवी मानता येत नाही. दूरच्या शोकात ‘तेव्हा आपण कुठे होतो’ हे सांगणे म्हणजे त्या शोकात आपलाही वाटा होता असे सांगणे असते. १९४८ च्या महाराष्ट्रात मात्र त्याच प्रश्नाला पोलिसी जबानीचा वास येतो. ‘आम्ही त्या दिवशी गावातच नव्हतो’ हे वाक्य दोन्ही बाजूंच्या घरांतून ऐकू येते आणि प्रत्येक घरात त्याचा अर्थ निराळा असतो. पेढे वाटल्याच्या गोष्टी आहेत, त्या बहुधा दुसऱ्याच आळीतल्या असतात. घर जळताना आपण कुठे होतो हे सांगणारे पुष्कळ भेटतात; ते जाळले जात असताना हातात काय होते, हे सांगणारा क्वचितच भेटतो, आणि जमाव तर शेकड्यांचे होते. घटनेला द्यायच्या शब्दावरसुद्धा एकमत नाही. खून हा न्यायालयाचा शब्द आहे, हत्या हा वृत्तपत्रांचा. आणि ‘वध’ हा शब्द कंसाच्या आणि जरासंधाच्या कथांतून आलेला, मेलेल्याला आधी दैत्य ठरवणारा, तरीही शोक करणाऱ्या अनेकांच्या लेखणीतूनही तो केवळ सवयीने उतरलेला दिसतो. या अंकात तो संपादकीय मजकुरात वापरलेला नाही. लेखकांच्या मजकुरात जेथे आला तेथे काढलेला नाही.

संपादनाचे धोरणही त्यातूनच ठरले. प्रत्येक कथनाखाली त्या वेळचे वय, हकिकत स्वतःची की ऐकलेली, आणि ती कागदावर उतरवल्याची तारीख छापली आहे, कारण १९४८ ची म्हणून सांगितलेली आठवण ही त्या तारखेचीही असते. स्थळे, गाड्या, वर्तमानपत्रांची नावे यांत ज्या विसंगती आढळल्या त्या सुधारलेल्या नाहीत. एसटी जेथे आहे तेथे एसटीच आहे. एकाच घराविषयी दोन भावंडांनी दोन वेगळे दिवस सांगितले असतील, तर दोन्ही समोरासमोरच्या पानांवर दिले आहेत. जळितातून वाचलेल्यांची, लपवणाऱ्यांची, मुंबईच्या चाळीत रात्रभर जागलेल्यांची कथने या विभागात आहेत. जमावात असलेल्यांकडून, नाव न छापण्याच्या अटीवर, लेखन मागवले होते. अंक छपाईला जाईपर्यंत ते आले नाही.