अंगठ्यापुरता दुभाष्या

भामरागड वा एटापल्ली तालुक्यातील माडिया स्त्री पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याच्या किंवा नागपूरच्या रुग्णालयात येते, तेव्हा संमतिपत्रकावर तिचा अंगठा उमटेपर्यंत कोणीतरी दुभाष्या सापडतोच. कधी वॉर्डबॉय, कधी शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा नातलग. कागद पुरा होणे ही रुग्णालयाची गरज असते. शस्त्रक्रियेनंतरची गरज रुग्णाची असते, आणि नेमका तेव्हाच दुभाष्या नाहीसा होतो.

वास्तविक शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा बव्हंशी प्रश्नोत्तरांवर चालते. वारा सरला का, पोटात कळ येते की टाक्यांपाशी ठणकते, हे रुग्णानेच सांगावे लागते. दीर्घ श्वास का घ्यायचा, दुखत असतानाही उठून चार पावले का चालायचे, हे उमगले नाही तर रुग्ण अंग आखडून पडून राहतो. छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जो कण्हत नाही त्याला दुखत नाही, असे गृहीत धरले जाते. 'हे लोक फार सोशिक' हे शहरी कौतुक सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या सोशिकपणातला किती भाग निव्वळ शब्दांच्या अभावाचा, हा प्रश्न कौतुक करणाऱ्यांच्या मनाला शिवत नाही.

रात्रपाळीत अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिकेला दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. तिला ती भाषा शिकवली कोणी? माडिया गोंडीच्या परिवारातली, द्राविडी कुळाची. मेळघाटातील कोरकू तर मुंडा कुळाची. मराठीच्या आधारे त्यांचा अंदाजही बांधता येत नाही. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी गोंडी ही आपली भाषा सांगितली. तरी घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला स्थान नाही.

१९७३ साली सुरू झालेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया शिकले. परंतु व्रतस्थांच्या निष्ठेवर शासनाने आपली जबाबदारी टांगून ठेवावी काय? क्ष-किरण तंत्रज्ञाइतकाच दुभाष्या आवश्यक मानला पाहिजे; त्याचे पद पगारी, कायम आणि तिन्ही पाळ्यांचे हवे. या भाषा बोलणारी शिकलेली मुले-मुली याच जिल्ह्यांत आहेत. कार्यकर्त्यांनी ही मागणी जिल्हा परिषदेत आणि रुग्ण कल्याण समित्यांत नेटाने लावून धरावी. जखमेतून पू आला वा ताप चढला तर तत्काळ परत या, एवढे एक वाक्य घरी निघालेल्या बाईला तिच्या भाषेत ऐकायला मिळाले पाहिजे. इंग्रजी कार्ड पदरात बांधून ती ज्या गावी परतते, तेथून पावसाळ्यात पुन्हा रुग्णालय गाठायचे तर वाटेत नाले तुडुंब असतात.