दुसऱ्याच्या वाटणीच्या बादल्या



भित्तिपत्रकात बहुतेक सुविचार, कोडी आणि पावसाळ्यावरचे निबंध असतात. मी मात्र आज एक तक्रार लिहिते आहे. नाव कोणाचेच लिहिणार नाही. ज्याचे त्याला कळेल.

आमच्या वर्गात सफाईचे गट आहेत. एका गटात सहा जण. पाळीच्या दिवशी घंटेच्या आधी यायचे, वर्ग आणि व्हरांडा झाडायचा आणि हातपंपावरून बारा बादल्या पाणी आणून झाडांना घालायचे. सहा जण आले तर प्रत्येकी दोन बादल्या. पण आमच्या गटात तिघेच येतात. मग प्रत्येकी चार. जे आले नाहीत त्यांच्या बादल्या कुठे जात नाहीत, आमच्याच हाताला येतात. गेल्या उन्हाळ्यात एका गटात कोणीच आले नाही, तर लिंबाचे एक रोप वाळून गेले. त्याची आळी अजून तशीच रिकामी आहे.

न येणाऱ्यांची कारणे तर ऐकावीत! एकाचे पोट बरोबर पाळीच्या दिवशी दुखते आणि मधल्या सुट्टीत खिचडी आली की थांबते. दुसरा येतो, पण घंटा वाजायला आणि तो फाटकात शिरायला एकच गाठ. तिसरा म्हणतो, "झाडणं पोरींचं काम हाय." त्याला मी एवढेच विचारते, गाडगेबाबा कोण होते?

गाडगेबाबा १९५६ साली २० डिसेंबरला वारले. त्यांच्या पुण्यतिथीला शाळेत भाषणे झाली. बाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तन करीत, हे एकाने फार छान सांगितले. खूप टाळ्या पडल्या. त्या दिवशी पाळी त्याचीच होती आणि त्याच्या वाटणीचा व्हरांडा मी झाडला होता. टाळ्या मीपण वाजवल्या. भाषण खरेच चांगले होते.

कोणी म्हणेल, दोन बादल्यांचे एवढे काय घेऊन बसलीस? बादल्यांचे मला काही नाही. घरी मी त्यापेक्षा जास्त पाणी भरते. राग याचा येतो की जो येत नाही तो हुशार ठरतो आणि येणारा येडा. शिवाय काम अर्धे राहिले की शिक्षा सगळ्या गटाला. गुरुजी, रागावू नका, पण हे मला बरोबर वाटत नाही. जो राबला त्यानेही अंगठे धरायचे, तर पुढच्या वेळी तो तरी कशाला लवकर येईल?

मागे एक रुपया दंड ठेवून पाहिला. त्याने काहीच झाले नाही. रुपया टाकला की सुटलो असे ज्याला त्याला वाटू लागले, आणि ज्याच्या घरून रुपया मिळत नाही तो बिचारा झाडत राहिला.

मला वाटते, आपण सावड करावी. (काही गावांत याला पैरा म्हणतात.) आई भांगलायला दोन दिवस काकूच्या रानात जाते, मग काकू दोन दिवस आमच्या रानात येते. पैसे कोणी देत नाही, पण दिवस कोणी विसरतही नाही. आजीला तर गेल्या वर्षीचेसुद्धा तोंडपाठ असतात. तसेच फळ्याच्या कोपऱ्यात लिहावे, कोणाच्या बादल्या कोणी आणल्या. ज्याच्या आणल्या त्याने पुढच्या वेळी त्या फेडायच्या. आजारी असेल तर बरा झाल्यावर फेडील, घाई नाही. मग पोट खरे दुखते का खोटे, हे तपासायची गरजच नाही.

आता खरे सांगते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मीही आले नव्हते. झोपच उघडली नाही. माझ्या दोन बादल्या माझ्या मैत्रिणीने आणल्या आणि ती काही बोलली नाही. त्या अजून माझ्याकडे बाकी आहेत. सोमवारी तिच्या गटाची पाळी आहे, तेव्हा मी लवकर येणार आहे. फळ्यावर पहिले नाव माझेच लिहा.