तेरीज जुळली नाही म्हणून वही फेकतो का?



गेले चार महिने मी घरात एक गोष्ट लपवत होते. माझ्या लॅपटॉपवर अपडेट बसत नव्हतं. रात्री लावून झोपायचं, सकाळी बघावं तर पुन्हा अयशस्वी. मग ते तसंच सोडून स्वयंपाकाला लागायचं. मुलाला विचारलं तर "आई, तू काय दाबलंस?" हे ठरलेलं. ते ऐकायला नको म्हणून गप्प बसले.

पण याच लॅपटॉपवरून मी विजेचं बिल भरते, मुदत ठेवी बघते, यांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरते. विंडोजची सुरक्षेची अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. चोराला आत शिरता येईल अशा सापडलेल्या फटी त्यांत बुजवलेल्या असतात. म्हणजे चार महिने मी कडी न लावता तिजोरी उघडत होते!

शेवटी बी. कॉम.चे दिवस आठवले. तेरीज जुळली नाही की आम्ही रडकुंडीला यायचो. सर सांगायचे, आधी फरक किती ते लिहा. त्याला ९ ने पूर्ण भाग गेला, तर कुठे ४५ चे ५४ झालेत का बघा. चूक कुठे शोधायची, ते तो फरकच सांगतो.

इथेही तेच केलं. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी. तिथे दर वेळी एकच नंबर होता, ०एक्स८००७००७०. वहीत उतरवून अर्थ शोधला. डिस्कवर जागा नाही, एवढाच!

जागा कुणी खाल्ली? मीच. निवांत ऐकू म्हणून उतरवून ठेवलेले प्रवचनांचे व्हिडिओ. त्यात अपरिग्रहावरची तीन! एकही पूर्ण ऐकलेलं नव्हतं. हसावं की रडावं?

हवे ते दोन पेन ड्राइव्हवर घेतले, बाकीचे पुसले. मग सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जुना कचरा काढला. त्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. त्यावर न बघता खूण करू नका, कामाचे कागद जातील. नंतर 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' केलं. शट डाउन केल्यावर पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज बरंचसं जपून ठेवतं. रीस्टार्टने मात्र सगळं नव्याने सुरू होतं. तासाभरात अपडेट बसलं.

तुमच्याकडे नंबर वेगळा असेल, तर कारणही वेगळं असेल. पण आधी नंबर वाचा. आणि स्क्रीनवर "या फोनवर कॉल करा" असं आलं, तर मुळीच करू नका. विंडोजच्या खऱ्या चुकीच्या सूचनेत फोन नंबर नसतो.

माझं मत विचाराल तर आपल्याला यातलं कळत नाही हे खरं नाही. आयुष्यभर घराचे हिशेब पैशापैशाला जुळवणाऱ्या बायका आपण. चूक झाली हे सांगायची लाज वाटते, तिथे अडतं. मी मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझंही दोन महिने अडकलंय, नंबर कुठे दिसतो?"