जपानी ग्रामरची उजळणी: पुस्तक घेण्याआधी उगवण तपासा



गेल्या महिन्यात अंबडकडचा एक तरुण भेटायला आला. जपानी भाषा शिकतोय. पुढं जालन्यात स्वतःचा क्लास काढायचं त्याच्या डोक्यात आहे. पिशवीतून एकेक करत पाच पुस्तकं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सर, एन-फाइव्हची परीक्षा तोंडावर आलीय. ग्रामरच्या उजळणीला यातलं कुठलं धरू? की अजून एखादं घेऊ?"

मला जपानी थोडंफारच येतं. पण मी त्याला म्हणालो, सगळी पुस्तकं मिट आणि दोन वाक्यं जपानीत लिहून दाखव. 'मी जालन्यात राहतो' आणि 'मी जालन्यात काम करतो.'

त्यानं दोन्हीकडं 'नि' लावलं. पहिलं बरोबर: जालना नि सुंदे इमास. दुसरं चुकलं, तिथं 'दे' लागतं: जालना दे हाताराइते इमास. आपण दोन्ही ठिकाणी 'जालन्यात' म्हणून मोकळे होतो, जपानी माणूस होत नाही. हा नियम त्याच्या पाचही पुस्तकांत होता. पाच वेळा वाचला होता, पण पुस्तक मिटून एकदाही लिहून बघितला नव्हता.

आपण बियाण्याच्या गावातली माणसं. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर आपला शेतकरी आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. किती उगवले ते मोजतो, मग किती पेरायचं ते ठरवतो. उजळणीचंही तसंच करा. आधी दहा वाक्यं लिहा, कुठं चुकतं ते बघा. पुस्तकाचं नंतर बघू.

माझं स्पष्ट मत आहे की उजळणीसाठी नवं पाठ्यपुस्तक घेऊच नये. धंद्यात ज्याला डेड स्टॉक म्हणतात, तेच ते. घ्यायचंच असेल तर तीन गोष्टी बघा.

पहिली, ज्या पुस्तकावर शिकलात त्याचाच सरावसंच घ्या. 'मिन्ना नो निहोंगो'च्या पहिल्या भागातले 25 धडे केले असतील तर त्याचीच प्रश्नांची वही. 'गेंकी'वर शिकला असाल तर गेंकीचं वर्कबुक. दोन्हींतला धड्यांचा क्रम वेगळा आहे. मिसळलंत की अर्धा वेळ शोधाशोधीत जातो.

दुसरी, उत्तरं आणि ऑडिओ हवाच. एन-फाइव्ह 180 गुणांची आणि पास व्हायला 80 लागतात. पण ऐकण्याच्या 60 पैकी किमान 19 नाही मिळाले, तर बाकी कितीही मिळवा, नापास. नुसतं छापील पुस्तक इथं उपयोगाचं नाही.

तिसरी, फुकट आणि अधिकृत आहे ते आधी संपवा. परीक्षेच्या अधिकृत वेबसाइटवर सराव प्रश्नसंच ऑडिओसकट मिळतात. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पुस्तकही ऑडिओसकट मोफत आहे. खर्च फक्त डेटाचा.

आणि एक वही मात्र स्वतः करा. डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्या पानावर जपानी. उजवं पान झाकून लिहायचं. चुकलेल्या वाक्यावर खूण करायची आणि तीन दिवसांनी तेच पुन्हा. डाव्या पानावर इंग्रजी नको, मराठीच. का? 'मला चहा आवडतो' बघा. जपानीत 'ओच्या गा सुकी देस'. चहाला 'गा' लागतो, 'ओ' नाही. मराठीतही चहा आवडतो आणि भाजी आवडते, म्हणजे क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणंच फिरतं. क्रियापद शेवटी येणं, शब्दाच्या मागं प्रत्यय लागणं, हे आपल्याला घरातच शिकवलेलं आहे. इंग्रजीच्या वळणानं गेलात की हा फायदा हातचा जातो.

आता क्लास काढणाऱ्यांसाठी थोडं कडू. एन-फाइव्हमध्ये सगळे प्रश्न पर्यायांचे असतात. बोलायचं नाही, वाक्य लिहायचं नाही. पण समोरचा जपानी माणूस तुम्हाला चार पर्याय देऊन बोलत नाही. नुसता पर्यायांचा सराव करून पास झालेला माणूस दुसऱ्याला शिकवू शकेल का, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. आणि 'एन-फाइव्ह करा, जपानला जा' असा बोर्ड तर लावूच नका. तिथल्या विशिष्ट कुशल कामगार व्हिसासाठी साधारणपणे एन-फोर किंवा जेएफटी-बेसिक लागते, शिवाय कामाची परीक्षा वेगळी. भाषा परीक्षेसाठीही आपल्या पोरांना पुणे-मुंबई गाठावी लागते. त्यांच्या आईबापानं दिलेली फी कष्टाची असते. ती खोट्या आशेवर घेतली तर धंदा एक बॅचसुद्धा टिकत नाही.

त्या तरुणाला मी एवढंच सांगितलं: चार पुस्तकं कपाटात ठेव, एक वही घे, आणि ती भरल्यावर ये.

तुम्हीही आज रात्री पुस्तक मिटून दहा वाक्यं लिहा. किती उगवली ते मोजा. पैसे काढायचे की नाही, ते उद्या सकाळी ठरवा.