घरबसल्या पदवी व शेतकऱ्यांचीं मुलें

बारावीचा निकाल लागला कीं ठाणें जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघतो. मुलानें अगर मुलीनें पुढें शिकण्यासाठीं रोज कल्याण-डोंबिवली गांठावी, ठाण्यास खोली घेऊन राहावें, कीं घरीं बसून मोबाइलवर पदवी मिळवावी? तिसरा मार्ग स्वस्त दिसतो, म्हणून त्याकडे ओढा वाढत आहे. त्याचा किती भाग पक्का व किती कच्चा, याविषयीं आमचें मत येथें देत आहों.

घरीं बसून शिकणें ही कांहीं नवी टूम नव्हे. मुंबई विद्यापीठानें १९७१ सालीं टपालानें शिक्षण देण्यास आरंभ केला. नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं स्थापन झालें. त्या काळीं छापील पाठांचें पुडकें घरीं येई. आतां अध्यापकच पडद्यावर येतो. केंद्र सरकारनें २०१७ सालीं 'स्वयम्' नांवाची व्यवस्था उघडली. तींत आय. आय. टी. सारख्या संस्थांतील अध्यापकांचे पाठ फुकट ऐकावयास मिळतात; परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावयाचें तर मात्र फी पडते. २०२१ च्या नियमाप्रमाणें एका सत्रांतील शेकडा ४० पर्यंत विषय विद्यार्थ्यास या मार्गानें घेऊं देण्याची मुभा विद्यापीठांस आहे. मुरबाडच्या मुलाचा एस. टी. नें कल्याणास जाण्यायेण्यांत जो वेळ मोडतो, तो ध्यानीं घेतां ही सवलत लहान नव्हे. भाताच्या लावणीच्या दिवसांत तर तो वेळ घरास हवाच असतो. आणि मुलीस सायंकाळच्या गाडीनें एकटी परत येऊं देण्यास ज्या घरचीं वडील माणसें कचरतात, त्या घरीं तिचें शिक्षण टिकलें तर याच मार्गानें टिकेल. (ती भीति योग्य कीं अयोग्य हा वाद निराळा, शिक्षण मात्र तिच्यापायीं बुडतें.)

आतां दुसरी बाजू. मार्च २०२० मध्यें महासाथीमुळें महाविद्यालयें बंद झालीं आणि हें शिक्षण एकाएकीं सर्वांवर येऊन पडलें. त्या वेळीं शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टींत काय झालें तें वाचकांस ठाऊक आहे. घरांत मोबाइल एक आणि शिकणारीं तीन. रेंजसाठीं मुलें टेकाडावर जाऊन बसत. डोंबिवलीच्या मुलानें तोच पाठ पंख्याखालीं बसून ऐकला. परीक्षा मात्र दोघांची एकच झाली.

शिवाय सर्वच विषय पडद्यावरून येत नाहींत. शेतकीची पदवी दूरशिक्षणानें देणें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं बंद केलें. शेती सांभाळून शेतकी शिकूं पाहणारांचा मार्ग त्यानें अडला हें खरें. तरी प्रात्यक्षिकावांचून तें शिक्षण अपुरें, हें आम्हांस पटतें. महसूल खात्यांत हयात गेलेल्या आमच्यासारख्यास याचें नवल वाटत नाहीं. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ सालापासून घरबसल्या मिळतो आणि तलाठ्याकडील कित्येक खेपा वांचतात. परंतु हद्दीचा वाद निघाला कीं भूकरमापकास बांधावर यावेंच लागतें. व्याख्यान सातबाऱ्यासारखें घरीं येऊं शकेल. प्रयोगशाळा, आणि चुकलेलें तेथल्या तेथें दाखविणारा शिक्षक, हीं बांधावरचीं कामें आहेत.

शहरांतील महाविद्यालयें माहितीपत्रकांत चकचकीत फळ्यांचीं चित्रें छापतात, त्यांस भुलूं नये. कित्येक ठिकाणीं अध्यापक आयतीं पानें पडद्यावर सरकवितो, मुलें मोबाइलनें त्यांचे फोटो काढतात आणि वही कोरी राहते. खडूनें गणित सोडविणारा थांबत थांबत जातो, म्हणून मुलासही विचारास सवड मिळते. तेव्हां पालकांनीं विचारावयाचें तें फळ्याविषयीं नव्हे. शंका विचारावयास अध्यापक आठवड्यांतून किती तास भेटतो, तें विचारावें.

पैशांविषयींही सावध राहावें. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमींच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असें आयोगानें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे. मात्र त्या संस्थेचें व त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचें नांव त्या वर्षाच्या यादींत असलें पाहिजे. ही यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहतां येते. दारीं येऊन फी मागणाऱ्या दलालाच्या शब्दावर एक रुपयाही देऊं नये.

राहिला प्रश्न बसावयाच्या जागेचा. तालुक्याच्या गांवीं सेवा सोसायटीच्या इमारतींत किंवा सार्वजनिक वाचनालयांत एखादी खोली मिळविणें अवघड नाहीं. तेथें तारेनें आणलेलें इंटरनेट, एक मोठा पडदा, चार संगणक आणि आठवड्यांतून दोन सायंकाळ येऊन शंका सोडविणारा एखादा पदवीधर, एवढी सोय झाली तर घरांतील एका मोबाइलवरची ओढाताण थांबेल. खर्च वर्गणीनें भागवावा, आणि मुलींसाठीं दिवसाउजेडीं वेळ राखून ठेवावी. आमच्या संघानें हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढें ठेवावा. महाविद्यालयांचे प्रवेश पावसाळ्याच्या तोंडीं सुरू होतात, तेव्हां खोली त्याआधीं तयार असावी.