बांध मोडला, वाटा नाही

आमच्या बेंबळी गावात जमिनीचा विषय निघाला की कुणीतरी मगरपट्ट्याचं नाव काढतंच. ‘हडपसरच्या शेतकऱ्यांनी एकी केली अन् शहर उभं केलं. आपल्यात कुठली आलीय एकी!’ एवढं बोललं की चहा संपतो आणि विषयही.

मला हे मुळीच पटत नाही. मगरपट्ट्यात जमीन एकत्र करणारी साधारण 120 कुटुंबं, त्यातली बहुतेक मगरांचीच. म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंद एकमेकांचा बांध कसा कोरतात, हे आपल्याकडं कुणाला शिकवायला नको. त्यांना जवळ आणलं ते भीतीनं. पुणं हडपसरला येऊन टेकलं होतं, विकास आराखड्यात त्यांची शेतं नागरीकरणाच्या पट्ट्यात गेली होती. जमीन आज ना उद्या जाणार, एकतर सरकारकडं किंवा तुकड्यातुकड्यानं बिल्डरकडं. सतीश मगर यांच्या पुढाकारानं त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली, चारशेहून जास्त एकर त्यात घातले. ज्याची जितकी जमीन, तितके त्याचे शेअर. 2000च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. घरं, शाळा, दवाखाना आणि आयटी कंपन्यांच्या इमारती एकाच आवारात आल्या. शेतकऱ्यांच्या पोरांनी बांधकामातली कंत्राटं घेतली. एकी आधी आणि हिशेब मागून, असं झालंच नाही. हिशेब चोख होता, म्हणून एकी टिकली.

‘पण शेती बुडवलीच ना?’ असं म्हणणारेही पारावर आहेत. बुडाली, खरं आहे. मात्र शहराच्या तोंडाशी ती टिकणारच नव्हती. पुण्याभोवती गुंठ्यागुंठ्यानं विकून गाड्या उडवणाऱ्यांना ‘गुंठामंत्री’ हे नाव काय उगाच पडलं? पुण्याच्याच सिंहगड रस्त्यावर नांदेड गावच्या शेतकऱ्यांनी सुमारे 700 एकरांवर मगरपट्ट्याचीच वाट धरली.

आता बेंबळीत टॉवर उभे करा, असं मी म्हणणार नाही. इथं कोण राहायला येणार? सोयाबीनला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही. जमिनीला गिऱ्हाईक मात्र आहे: प्लॉटिंगवाले, पवनचक्कीवाले, सौर प्रकल्पवाले. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरवलंय, म्हणजे जमीन न विकताही पैसा येतो. तरी आपण एकेकटे बसतो, एजंट पुढं करील त्या कागदावर अंगठा उठवतो आणि शेजाऱ्याला किती मिळाले, ते मागून कळल्यावर भांडतो. हडपसरकडून घ्यायचं ते एवढंच: शेजारशेजारच्या गटांनी एकत्र बोलायचं, सातबारा आपल्या नावावर ठेवायचा, भाडं एकराच्या प्रमाणात वाटायचं.

मगरपट्ट्याची एक बाजू मात्र मला खटकते. शेअर मिळाले सातबारावाल्यांना. त्याच शेतात राबणाऱ्याच्या नावावर जमीन नव्हती, मग त्याला शेअर कशाचा? आमच्या भागातून पुण्याला गेलेली भूमिहीन माणसं अशाच सोसायट्यांच्या फाटकांवर रखवाली करतात, आतल्या घरांत धुणीभांडी करतात. सौर पॅनेलखाली गेलेल्या रानात खुरपणी उरत नाही. तेव्हा भाड्याचा करार होईल त्या दिवशी, खुरपणीला येणाऱ्या बायांनाही त्या बैठकीत बसवा.