नदीला माप लावा, पण माप सर्वांना एकच!



उन्हाळ्यात उजनीच्या फुगवट्यातले पाणी हिरवे पडले, भीमेच्या काठाने जलपर्णी पसरली, की शहरातल्या शहाण्यांना कारण लगेच सापडते : शेतकरी युरिया फार टाकतो! नदीच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद किती असावे याची मर्यादा ठरवा, अशी मागणी आता होते आहे. आपल्यातल्या काहींना ती नव्या जाचाची चाहूल वाटते. माझे म्हणणे उलट आहे. ही मागणी आपणच, आणि सगळ्यांच्या आधी केली पाहिजे. नाही तर माप दुसरे कोणी ठरवील आणि ते फक्त आपल्या बांधावर येऊन लावील.

नत्र-स्फुरदाने ऊस वाढतो, तसेच शेवाळही वाढते. पाण्यात खत पडले की शेवाळ आणि जलपर्णी माजतात. उन्हे पाण्याखाली पोचत नाहीत. शेवाळ मरून कुजू लागले की ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडे टाकतात. मग भोई बांधवांच्या जाळ्यात जुन्या जातीचे मासे कमी आणि चिलापीच जास्त. आपल्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला जलपर्णीचा गोळा, पाण्यात उतरले की अंगाला खाज. हेच पाणी सोलापूर शहर पिते आणि याच भीमेत, चंद्रभागा म्हणून, पंढरीचा वारकरी स्नान करतो.

हे खत येते कोठून? पवना, मुळा आणि मुठा पुणे-पिंपरीतून वाहत येतात आणि दोन्ही शहरांचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे साधारण ४० मिलिग्रॅम नत्र असते. म्हणजे दर दशलक्ष लिटरमागे ४० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र जेमतेम २१ किलो. हिशेब करा : एक दशलक्ष लिटर मैलापाणी नदीत सोडणे म्हणजे जवळजवळ दोन गोण्या युरिया ओतणे. शंभर दशलक्ष लिटर म्हणजे दोनशे गोण्या, आणि त्याही रोज! या दोन शहरांचे पाणी तर रोजचे कित्येक शंभर दशलक्ष लिटर आहे.

शहरवाले म्हणतात, आम्ही शुद्धीकरण केंद्रे बांधली. बांधली, पण साधे केंद्र घाण कुजवून कमी करते. नत्र आणि स्फुरद काढायला वेगळी प्रक्रिया लागते. ती नसली तर पाणी दिसायला निवळ, पण जलपर्णीला खुराक तोच.

कायदा काय म्हणतो? केंद्राच्या २०१५ च्या मसुद्यात शुद्धीकरण केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यात नत्र लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे होते. २०१७ च्या अंतिम अधिसूचनेतून ही ओळच गळाली. बी.ओ.डी.ची मर्यादाही १० वरून महानगरांना २० आणि इतरांना ३० अशी सैल झाली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला कडक मापांचा आदेश द्यावा लागला. नद्यांचे अ, ब, क, ड, ई असे वर्ग पाडण्याच्या केंद्रीय निकषांत तर स्फुरदाचे नावही नाही. जे मोजायचेच नाही, त्याचा गुन्हेगार सापडणार कसा?

आता आपल्या घरातले बोलू. उसाला एकदम युरिया फेकून पाट सोडला, की खत मुळाला कमी आणि चरातून ओढ्याला जास्त. काही खाली झिरपून विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे. त्यावर गेले तर धोका आपल्याच तान्ह्या लेकरांना. हे नाकारण्यात शहाणपणा नाही. पण ही सवय लावली कोणी? १९९२ मध्ये सरकारने स्फुरद-पालाशची खते नियंत्रणमुक्त केली, युरिया मात्र ठेवला. २०१० च्या नव्या अनुदान पद्धतीतही युरिया बाहेरच. आज युरियाची गोणी तीनशेच्या आत आणि डीएपीची तेराशेच्या वर. दोन्ही भाव सरकारनेच असे ठेवायचे आणि शेतकरी स्वस्त पोत्याकडे वळला की त्याला अडाणी म्हणायचे, हा कुठला न्याय?

युरोपात १९९१ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. एकाने शेतीतल्या नायट्रेटला लगाम घातला; दुसऱ्याने नाजूक जलाशयांत पाणी सोडणाऱ्या लाखावरच्या शहरांना लिटरमागे १ मिलिग्रॅम स्फुरद आणि १० मिलिग्रॅम नत्र ही मर्यादा घातली. माप दोघांनाही. पण माप कसे लादले जाते, यालाही महत्त्व आहे. नेदरलँड्समध्ये नत्राच्या मर्यादेचा भार आपल्यावरच येतो आहे असे शेतकऱ्यांना वाटले, आणि २०१९ मध्ये ते ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे चार मागण्या ठेवाव्यात :

१. भीमेसाठी आणि उजनीसाठी नत्र व स्फुरदाची आकड्यात मर्यादा जाहीर करा.

२. मोजणी आधी शहरांच्या आणि कारखान्यांच्या नाल्यांच्या तोंडाशी, मग ओढ्यांवर. आकडे दरमहा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत.

३. खताचे अनुदान पोत्यावर न देता एकरी थेट शेतकऱ्याच्या हाती द्या. कोणते खत घ्यायचे ते माती परीक्षण पाहून तो ठरवील.

४. मर्यादा ओलांडणाऱ्याकडून दंड घ्या आणि तो सरकारी तिजोरीत न टाकता जलपर्णी काढण्यास व मच्छीमारांच्या नुकसानभरपाईस द्या.

आणि आपल्या बाजूने एक काम, ज्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही : उसाचे नत्र चार हप्त्यांत, मातीआड करून द्यायचे, मोठ्या पावसाच्या तोंडावर द्यायचे नाही. खिशातले पैसे वाचतील, आणि उद्या शहराच्या नाल्याशी माप घेऊन उभे राहताना कोणी आपल्या बांधाकडे बोट दाखवू शकणार नाही.

उजनीसाठी गावे उठली, जमिनी बुडाल्या. ते पाण्यासाठी होते, शहराच्या मैल्याची टाकी बांधण्यासाठी नव्हे.